आमची वाटचाल: रेपो साफ करून देण्याचा धंदा

रेपो म्हणजे प्रोग्रामचा कोड आणि त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद (कमिट) यांचा साठा; तो गिट या सॉफ्टवेअरने सांभाळतात. चुकून त्यात गेलेले पासवर्ड जुन्या कमिटांतूनही काढून देणं हे आमचं काम. सुरुवातीला आमच्याकडे हत्यार एकच होतं, गिटसोबत येणारं फिल्टर-ब्रांच. मोठ्या रेपोवर ते रात्रभर रखडायचं. मग त्याच कामासाठी बीएफजी हे वेगळं साधन आलं. वेग झकास, पण ताज्या कमिटला ते मुद्दाम हात लावत नाही. हे न वाचणाऱ्यांनी त्याच्या नावाने बोटं मोडली. 2019 मध्ये गिटनेच फिल्टर-ब्रांच टाळा, फिल्टर-रेपो वापरा असं सांगितलं. ताजा क्लोन (रेपोची नवी प्रत) नसेल तर, जबरदस्ती केल्याशिवाय, फिल्टर-रेपो काम सुरूच करत नाही. ही अट मला फार आवडते. काम झाल्यावर जुन्या-नव्या हॅशची (कमिटच्या ओळखक्रमांकांची) जोडयादी मिळते, ती आम्ही बिलाआधी गिऱ्हाइकाच्या हातात देतो, कारण तिकिटांमध्ये (कामाच्या नोंदींमध्ये) जुने हॅश लिहिलेले असतात.

मधली वर्षं बरी गेली.

मग आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या रेपोत डेटाबेसचा पासवर्ड सापडला. आम्ही अंदाजपत्रक दिलं. दुसऱ्या एकाने निम्म्या दरात, तासाभरात करतो म्हणून काम उचललं. केलं काय? फाइल डिलीट, गिटइग्नोरमध्ये (गिटने कुठल्या फाइल घेऊ नयेत त्या यादीत) एक ओळ, वर कमिट: 'पासवर्ड काढला'. जुन्या कमिटमध्ये पासवर्ड तसाच. आणि बाजारात बोलबाला असा, की आम्ही उगाच सगळे हॅश बदलून लोकांचं काम अडवतो! अहो, प्रत्येक कमिटच्या हॅशमध्ये आधीच्या कमिटचा हॅश मिसळलेला असतो. जुन्यातलं काही काढलं की पुढचे सगळे बदलणारच. पण ऐकतो कोण? एकामागून एक गिऱ्हाइकं गेली. पगार कर्ज काढून दिले.

एक मॅडम तेवढ्या टिकल्या. पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरची टीम सांभाळायच्या. त्यांचा फोन यायचा तो असा: "गुप्त की बदलली आहे, आता तुम्ही या." निम्मं काम तिथेच झालेलं असायचं. आधी पासवर्ड बदला, साफसफाई नंतर. एकदा बाहेर गळलेली गुप्त की कायमची गळलेलीच समजा. जुने क्लोन सगळ्यांनी फेकून द्या, नाहीतर कुणीतरी जुन्या प्रतीत नवं ओढून (पुल), दोन्ही जोडून (मर्ज) परत वर पाठवतो (पुश) आणि सगळी घाण परत येते. रेपो ठेवण्याच्या गिटहब या साइटवर पुल रिक्वेस्टचे (बदल घ्या अशा विनंत्यांचे) संदर्भ तुमच्या फोर्स-पुशने (जुन्यावर नवं लादण्याने) जात नाहीत, सपोर्टला लिहावं लागतं. फोर्क (इतरांनी केलेल्या रेपोच्या प्रती) वेगळे तपासा.

तर त्या मोठ्या गिऱ्हाइकाकडचा एक इंजिनिअर मॅडमच्या ओळखीचा निघाला. त्यांनी त्याला गिट लॉग या, कमिटची यादी दाखवणाऱ्या आज्ञेला मोठ्या एसचा आणि बदल दाखवणारा -p असे पर्याय लावून तोच पासवर्ड शोधायला लावला. पडद्यावर दोन कमिट आले. एकात पासवर्ड हिरव्या अधिकच्या ओळीत, दुसऱ्यात लाल वजाच्या. दुसरा अर्थातच 'पासवर्ड काढला'. चोराला जागा दाखवायची याहून सोपी सोय नाही.

गिऱ्हाईक परत आलं. दर थोडा कमी करा म्हणाले. केला नाही.