वहीतली नावे

जूनच्या पहिल्या आठवड्यात नगरच्या बाजारात दप्तरे, रेनकोट आणि वह्यांच्या तपकिरी कव्हरांचे गठ्ठे दुकानांच्या पायऱ्यांपर्यंत येऊन बसतात आणि त्याच सुमारास माझ्या कपाटातून एक शंभर पानी वही बाहेर निघते. आपल्याकडे शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात, विदर्भात उन्हामुळे आणखी काही दिवस उशिरा; त्याआधीच्या शनिवारी दुपारी आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या सात-आठ बायका माझ्या ओसरीवर जमतात आणि या वहीतल्या मुलांसाठी प्रार्थना करतात. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी ते नगरच राहिले आहे, तेव्हा इथेही तेच लिहिते.

पूर्वी वही नव्हती. जूनमधल्या एका रविवारी उपासनेच्या शेवटी मुलांसाठी प्रार्थना होत असे. सर्व बालकांना सद्बुद्धी दे, गोरगरीब आणि अनाथ लेकरांवर कृपादृष्टी ठेव, परीक्षेत यश दे, अशी ती ठरावीक वळणाने जाई. आम्ही आमेन म्हणत असू आणि बाहेर येऊन चपला शोधत असू. त्या प्रार्थनेत खोटे काही नव्हते. पण एका वर्षी, मिशन हॉस्पिटलात उभी हयात नर्स म्हणून काढलेल्या आणि कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे सगळे मोठ्याने बोलणाऱ्या एका आजींनी चपला घालता घालता मला विचारले, "बाई, ते अनाथ लेकरू कोणतं? नाव काय त्याचं?" मी म्हटले की असे एक कोणी नाही, सगळ्यांसाठीच प्रार्थना होती. त्यावर त्या म्हणाल्या, "देवाला माहीतच आहेत सगळे. तुला कोण माहीत आहे ते विचारते मी."

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळांमधून एकतीस वर्षे शिकवून निवृत्त झाले होते. त्या प्रश्नाने मला जे आठवले, ते लेकरू नव्हते, हजेरीपट होता.

माझी बरीचशी नोकरी पाथर्डी तालुक्यात झाली. पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडचे बीड जिल्ह्यातले आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा सगळा ऊसतोडीला जाणाऱ्यांचा पट्टा आहे. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे किंवा थेट कर्नाटकात कारखान्याच्या फडावर जायचे, ते पाडव्याच्या आगेमागे परतायचे. मुले बरोबर जातात, कारण मागे ठेवायला म्हातारे माणूस असेल तरच ती राहू शकतात. म्हणजे जूनमध्ये भरलेला वर्ग दिवाळीनंतर निम्मा होतो आणि परत आलेल्या मुलांच्या हाती उन्हाळी सुट्टीआधीचे जेमतेम काही दिवस लागतात. आम्ही त्यांच्या नावापुढे दिवसामागून दिवस लाल शाईने 'गै' लिहीत असू आणि शेरा असे 'सतत गैरहजर'. जणू ते मूल कुठेतरी उनाडक्या करत होते! तो शेरा माझ्या हस्ताक्षरात कितीदा आहे हे मोजायची माझी छाती होणार नाही.

आजींनी विचारल्यावर पहिली जी मुलगी डोळ्यांसमोर आली, ती चौथीतली होती. जूनच्या पहिल्या दिवशी ती कडेवर दीड वर्षाच्या भावाला घेऊन आली आणि दाराजवळच्या शेवटच्या पट्टीवर बसली, म्हणजे तो रडला तर कोणाला न ओलांडता बाहेर जाता यावे. तिच्या दोन्ही हातांवर उसाच्या पात्याने कापलेल्या बारीक पांढऱ्या रेघा होत्या. शिक्षणहक्क कायद्यानुसार तिला वयाप्रमाणे चौथीत बसवलेले होते, ते योग्यच होते, पण वाचायला दिले की ती जोडाक्षरापाशी थांबे, आणि थांबलेले कळू नये म्हणून भावाचे नाक पुसायला घेई. मी तिला दोनदा म्हटले होते, "भावाला घरी ठेवून ये." घरी कोण होते, हे मी विचारले नव्हते.

दुसरा एक मुलगा होता, त्याला पाढे येत नसत. एकदा शेकड्याचे उदाहरण घालताना मी सहज वाढ्यांचा दाखला दिला. ऊस तोडल्यावर वरचे हिरवे शेंडे निघतात ते वाढे; त्यांच्या पेंढ्या बांधून जनावरांच्या चाऱ्यासाठी विकल्या की तोडणाऱ्यांच्या हाती थोडा रोख पैसा येतो, आणि ही विक्री पुष्कळदा पोरेच सांभाळतात. माझे उदाहरण पुरे व्हायच्या आत तो म्हणाला, "बाई, शंभराला पाच वर द्यावे लागतात, नाहीतर गिऱ्हाईक जातं." मग त्याने अडीचशे पेंढ्यांचा हिशेब वरच्या पेंढ्यांसकट तोंडी सांगितला. त्या वर्षीच्या प्रगतिपत्रकात मी त्याच्या गणिताला काय लिहिले होते, ते सांगत नाही.

तर अशी वही सुरू झाली. नियम आजींनीच घालून दिला: ज्याचे नाव ठाऊक नाही त्याच्यासाठी इथे प्रार्थना करायची नाही, ती रविवारी मंडळीत होतेच. डावीकडे नाव, मध्ये काय मागायचे ते आणि उजवीकडे चौकशी करणाऱ्या बाईचे नाव. या उजवीकडच्या रकान्याने आमची फार पंचाईत केली. कारण 'अमक्याला शाळेची गोडी लाव, प्रभू' असे मागण्यापूर्वी अमक्याला गोडी का नाही हे कोणीतरी जाऊन पाहून यावे लागे, आणि पाहून आले की पुष्कळदा मागणीच बदलून जाई. एका मुलाच्या नावापुढे आम्ही 'अभ्यासात लक्ष' असे लिहिले होते. त्याच्या घरी जाऊन आलेल्या बाईने ते खोडून 'चष्मा' लिहिले.

दाखल्याचे तर विचारूच नका. वस्तीवर राहायला आलेल्या एका कुटुंबातल्या मुलीला जवळच्या एका शाळेने आधीच्या शाळेचा दाखला आणा म्हणून दोनदा परत पाठवले होते. शाळेचे नाव घेत नाही, कारण मी स्वतः अशी माणसे परत पाठवली असतील. वास्तविक २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि सहा ते चौदा वयाच्या मुलाला दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही किंवा लांबवता येत नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. वयाचा पुरावा नाही हेही कारण चालत नाही. त्या शनिवारी आमच्यातल्या एकीने 'प्रभू, दार उघड' अशी प्रार्थना केली आणि सोमवारी सकाळी त्या कलमाची छापील प्रत घेऊन तीच मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मुलीला प्रवेश मिळाला. ही प्रार्थना ऐकली गेली असे म्हणायचे की त्या बाईचा आवाज मोठा होता असे म्हणायचे, यावर ओसरीवर बराच विनोद झाला.

कोविडमध्ये वडील गेलेली दोन भावंडे अशीच वहीत आली. मोठीने शाळेत बोलणेच सोडले होते, म्हणून आम्ही तिच्या वाणीसाठी प्रार्थना करत होतो. आणि तिकडे त्यांच्या आईला बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलांना दरमहा २२५० रुपये मिळू शकतात हे माहीतच नव्हते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाइड, बँकेचे पासबुक अशी कागदांची माळ गोळा करायला तिला शिलाईचे काम बुडवून चार खेपा घालाव्या लागल्या, त्यांतल्या दोन खेपांना आमच्यातली एक तिच्याबरोबर रांगेत उभी होती. मुलगी अजून फार बोलत नाही. पण गेल्या वर्षी तिने आमच्यातल्या एकीला तिच्या पिशवीला भोक पडले आहे असे आपणहून सांगितले, आणि ते वाक्य जसेच्या तसे, तारखेसह, वहीत आहे.

पंडिता रमाबाईंचा विषय या बैठकीत निघाल्यावाचून राहत नाही. त्यांच्या मुक्ती मिशनचे केडगाव म्हणजे दौंडजवळचे, नगरशेजारचे नव्हे. पाहुण्यांचा हा घोटाळा नेहमी होतो. ज्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळात गेले, त्या रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुलींना घेऊन आल्या. आम्ही त्यांच्या प्रार्थनाशीलतेचे गुणगान फार करतो. मला मात्र त्या आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याचा विचार मनात येतो: इतक्या मुलींची नावे, वये, आजार, कोणाची बहीण कोण, कोणाला कोणती भाषा समजते, हे सगळे कोणीतरी बसून लिहून घेतले असेल ना?

ज्या ओळी खोडायच्या की ठेवायच्या यावर आमचे एकमत होत नाही, त्या मोठ्या मुलींच्या आहेत. नववीतली एक मुलगी तीन वर्षे वहीत होती. हुशार होती, हंगामी वसतिगृहात राहून तिने दोन वर्षे शाळा टिकवली होती. आईबाप फडावर असताना मुले गावातच राहावीत म्हणून ही वसतिगृहे हंगामापुरती चालतात. पण वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची हा धाक आईबापांना असतो, तिला फडावर नेले तर उघड्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, ठेवायचा धाक त्याहून मोठा, आणि लग्न झाले की एक नवा कोयता तयार होतो, त्याला उचल मिळते. गावातला ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो हे आम्हाला ठाऊक होते, १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांकही ठाऊक होता, फक्त लग्न ठरल्याचे ठाऊक झाले नाही. उन्हाळ्यात, दुसऱ्या जिल्ह्यात, चार माणसांत ते उरकले. जूनमध्ये नाव वाचायची वेळ आली तेव्हा एक जण म्हणाली की आता ती विद्यार्थिनी राहिली नाही, ओळ काढा. आजी तोवर अंथरुणाला खिळल्या होत्या. मी त्यांना जाऊन विचारले. त्यांनी मोठ्याने एवढेच विचारले, "मेली का ती?" ओळ राहिली. मधल्या रकान्यात आता 'सतरा नंबरचा फॉर्म' असे लिहिले आहे, म्हणजे तिला बाहेरून दहावीला बसवायचे. उजव्या रकान्यात माझे नाव आहे आणि अद्याप तिच्या सासूने मला उंबऱ्याच्या आत घेतलेले नाही.

पुण्याला शिकायला गेलेली चार मुलेही वहीत आहेत. त्यांच्यासाठी आम्ही मेसच्या जेवणापासून एकटेपणापर्यंत सगळे मागतो, आणि रविवारी संध्याकाळी एक जण फोन करते. ती मुले दोन मिनिटांत फोन ठेवतात, पण उचलतात.

नावे इथे लिहिलेली नाहीत, हे वाचणाऱ्यांच्या लक्षात आले असेल. ती लिहिणारही नाही. ओसरीवर वाचलेले ओसरीवर राहावे, हाही आजींचाच नियम होता. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे शुभवर्तमानात आहे. तो ती नावे चौकात ओरडत फिरतो, असे नाही. आजी गेल्या पावसाळ्यात गेल्या. त्यांच्या माघारी हा पहिलाच जून आहे.

यंदा वहीत एक ओळ अर्धी आहे. बसस्टँडजवळच्या एका चहाच्या टपरीवर अकरा-बारा वर्षांचा मुलगा सकाळी आठपासून कपबशा विसळतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला असे कामाला ठेवणे गुन्हा आहे, १०९८ वर फोन करता येतो आणि तो मी करणार आहे, पण फोनवर मुलाची माहिती विचारतील, तेव्हा निदान नाव तरी हवे, म्हणून मी तीन दिवस तिथे नको असलेला चहा प्याले. पहिल्या दिवशी त्याने 'छोटू' सांगितले. दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटले की छोटू हे नाव नसते, सगळ्याच टपऱ्यांवर छोटू असतो. तिसऱ्या दिवशी त्याने मालक पलीकडे गेल्याचे पाहून नाव आणि आडनाव दोन्ही सांगितले, गावही सांगितले, आणि मग ओले हात शर्टाला पुसत विचारले, "कशाला पाहिजे?"

मी म्हटले, "वहीत लिहायला."

"शाळेच्या?"

शनिवारी ती ओळ पहिल्यांदा वाचायची आहे. मधला रकाना अजून भरलेला नाही.