भिंगरीचं दावं

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर सरळ झोपायचं सोडून मी खिडकीच्या गजाला कडी अडकवून दोरी विणत बसलो होतो. कुत्रीसाठी. गळ्यातला पट्टा नाही, तो तयारच आणलाय, आपण हातात धरतो तो. आता याला मराठीत म्हणायचं काय इथंच गाडी अडते बघा. पट्टा म्हणावं तर गळ्यातला पण पट्टाच, साखळी म्हणावं तर ही नायलॉनची, आणि नुसतं दोरी म्हणलं की बायकोला वाळत घालायचे कपडे आठवतात. शेवटी लीश. बायको म्हणाली, "अरे दाराच्या मागे एक आहे की, परत नवीन कशाला?" मी म्हणलं तो आखूड पडतो.

दोरी बोहरी आळीतनं आणलेली, चार एमएमची. व्हिडिओवाला म्हणतो पॅराकॉर्डच घ्या, पॅराशूटची दोरी, आत सात धागे असतात आणि साडेपाचशे पौंड तोलते. म्हणजे जवळजवळ अडीचशे किलो. आमची भिंगरी आहे अठरा किलोची, ते पण पावसात भिजून आल्यावर, त्यामुळे म्हणलं आपली साधी चालेल. अठरा-अठरा फुटांचे दोन तुकडे कडीतनं मधोमध ओवले, झाले चार पेड. मग कडेचा पेड दोघांच्या मागून न्यायचा आणि परत येताना एकाच्या वरून आपल्या बाजूला आणायचा, एकदा उजवीकडचा, एकदा डावीकडचा. बास, एवढंच. पण मधे कुरिअरवाल्याची बेल वाजली आणि उठलो की संपलं, आता पाळी कुणाची ते आठवत नाही, आणि चुकलेलं लगेच दिसत पण नाही, चार बोटं पुढे गेल्यावर वेणी अचानक चपटी पडायला लागते. मी तीनदा उसवलं. ढिली वेणी मला बघवत नाही हा माझा जुनाच आजार आहे. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या मुलीची वेणी सैल असेल तर मी मनातल्या मनात ती सोडून परत घालत असतो, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

हा आजार आबांकडून आला. आमचं गाव नांदेडकडं, लोह्याच्या बाजूला. जाड कासरे, मोटेचे नाडे वळायचं काम खरं तर मातंग वस्तीतल्या लोकांचं, बलुत्यातलं, पण पोळ्याला बैलांच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या मात्र आबा घरीच करायचे. अंबाडीच्या काड्या ओढ्यात दगडाखाली दाबून दहा-पंधरा दिवस कुजत ठेवायच्या, मग साल सोलून वाख, म्हणजे आतले धागे, धुवून वाळवायचा. ज्या अंबाडीची भाजी कण्या घालून आम्ही आवडीनं खायचो तिचाच हा असा वास सुटू शकतो हे कुणाला खरं वाटणार नाही. मी वाखाचं एक टोक धरून ओट्याच्या त्या टोकाला उभा, आबा या टोकाला पीळ भरत बसलेले, आणि मांडीवर हात घासून घासून तिथले केस कायमचे गेलेले. माझं लक्ष जरा गल्लीत गेलं की ओरडायचे, "लेका ढिल्लं सोडू नको, बैल हाय ते, शेळी नाही." तिकडं आज्जी ताईची वेणी पण अशीच घालायची, शाळेत जाताना ताईचे डोळे चिनी दिसायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं मळून झाले की आबा त्यांना आवतण द्यायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," अगदी पाहुण्याला सांगावं तसं, आणि मग नवी म्होरकी चढायची.

एवढ्या दोऱ्या त्या घरात. वेसण वेगळी, म्होरकी वेगळी, कासरा वेगळा, दावं वेगळं, चऱ्हाट आणखी वेगळं, एकाच्या जागी दुसरं मागितलं की आबा हसायचे. आणि कुत्र्याला? काहीच नाही. कुत्रं होतं की, सकाळी दारात असायचं, आबांच्या मागं शेतात जायचं, दुपारी कुठं असायचं देव जाणे, संध्याकाळी भाकरीला हजर. त्याला बांधायचा प्रश्नच कधी आला नाही तर शब्द कुठनं येणार. तिसऱ्या मजल्यावर राहून, लिफ्टमधे शेजाऱ्यांकडं बघून कसनुसं हसत कुत्रं खाली नेणाऱ्याला लागतो तो शब्द.

हरण्या विकला तेव्हा मी सहावीत होतो. अस्सल लालकंधारी बैल, उन्हात तांब्याच्या भांड्यासारखा दिसायचा. जनावर विकलं तरी त्याचं दावं द्यायचं नाही अशी आमच्याकडं पद्धत, घेणारा आपली दोरी घेऊन येतो. संध्याकाळी आबा बाजारातनं चालत आले ते नुसता कासरा खांद्यावर टाकून. आज्जीनं पाणी दिलं, किती आले ते विचारलं नाही. कासरा गोठ्यातल्या खुंटीला गेला आणि बरीच वर्षं तिथंच होता, उंदरांनी कुरतडेपर्यंत.

असो. शेवटाला टोकं लायटरनं जाळायची असतात, नाहीतर सगळं उसवतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काथ्याचं असेल, नायलॉनचा पीळबीळ काही राहत नाही, वितळून काळी गोळी होते आणि ती बोटाला चिकटते. अंगठा अजून दुखतोय.

मूठ वळवून, गाठ मारून झाल्यावर टेपनं मोजलं. साडेचार फूट. मला सहा पाहिजे होतं, पण वेणीत दोरी फार खाल्ली जाते, दीडपट घ्या असं तो व्हिडिओवाला घसा फोडून सांगत होता, मी मुठीचा हिशोबच धरला नव्हता. मग दाराच्या मागचा, आधीच्या कुत्र्याचा, खंड्याचा पण काढून मोजला. चामड्याला अजून त्याचा वास येतो, पावसाळ्यात जरा जास्तच. पाच फूट दोन इंच.

परत होता तिथं अडकवला.