एकाच पुस्तकावर तीन प्रकाशक

समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइमच्या ‘आयडिऑलॉजी अँड युटोपिया’ची मराठी संहिता माझ्याकडे आली, तेव्हा सोबत मूळ इंग्रजी पुस्तकाच्या तीन प्रती होत्या. तिन्ही लंडनच्या आणि अनुवादही एकच, पण प्रकाशकाचं नाव प्रत्येकीवर वेगळं. 1936 च्या प्रतीवर ‘केगन पॉल, ट्रेंच, ट्रुब्नर’, साठच्या दशकातल्या पुनर्मुद्रणावर ‘राउटलेज अँड केगन पॉल’, 1991 च्या प्रतीवर नुसतं ‘राउटलेज’. अनुवादहक्कासाठीच्या पत्राचा मसुदा 1936 च्या प्रतीवरून केलेला होता, आणि त्या नावाची कंपनी तर केव्हाच उरलेली नाही. पत्र कोणाच्या नावे जायचं हे ठरवण्यात माझा सगळा दिवस गेला.

समाजशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत इतका मोठा वाटा असलेल्या या प्रकाशनगृहाची सुरुवात स्वस्त पुस्तकांपासून झाली. जॉर्ज राउटलेजनं 1836 मध्ये लंडनमध्ये दुकान थाटलं आणि पुढे रेल्वे प्रवाशांसाठी एक शिलिंगाची ‘रेल्वे लायब्ररी’ काढून जम बसवला. विद्वत्तेची बाजू आली ती केगन पॉलकडून. चार्ल्स केगन पॉलनं 1877 मध्ये हेन्री किंगचा प्रकाशन व्यवसाय घेतला, नंतर ट्रेंच भागीदार झाला आणि 1889 मध्ये प्राच्यविद्येच्या पुस्तकांसाठी नावाजलेली ट्रुब्नर कंपनी त्यात आली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुरुवातीला हे सगळं राउटलेजच्या ताब्यात गेलं, पण दोन्ही नावं औपचारिकपणे एक झाली 1947 मध्ये.

मधल्या या काळातच चूक होते. 1936 च्या शीर्षकपानावर केगन पॉलचं नाव असलं, तरी मालकी तेव्हाही राउटलेजचीच होती. दोघांचा पत्ताही एकच: ब्रॉडवे हाउस, 68–74 कार्टर लेन. सी. के. ऑग्डेननं संपादित केलेली मानसशास्त्र-तत्त्वज्ञानाची पुस्तकमाला केगन पॉलच्या नावानं निघे, आणि मानहाइमचं हे पुस्तक त्याच मालेतलं. 1944 चं हायेकचं ‘द रोड टू सर्फडम’ आणि 1945 चं पॉपरचं ‘द ओपन सोसायटी’ मात्र राउटलेजच्या नावानं आलं. स्वतः मानहाइमनं, फ्रँकफर्ट विद्यापीठातून बडतर्फ होऊन 1933 मध्ये लंडनला आल्यानंतर, पुढे याच घरासाठी समाजशास्त्राची ‘इंटरनॅशनल लायब्ररी’ ही पुस्तकमाला उभी केली.

पुढची साखळी भराभर हलते. 1985 मध्ये राउटलेज अँड केगन पॉल ‘असोसिएटेड बुक पब्लिशर्स’मध्ये गेली. त्याच समूहात मेथ्युएन आणि टॅव्हिस्टॉक या प्रकाशनसंस्था होत्या. 1987 मध्ये तो समूह थॉमसन कंपनीनं घेतला आणि या घरांच्या मानव्यविद्या-समाजशास्त्राच्या याद्या ‘राउटलेज’ या एका नावाखाली आणल्या. 1998 मध्ये राउटलेज टेलर अँड फ्रान्सिसकडे आली आणि 2004 मध्ये टेलर अँड फ्रान्सिस इन्फॉर्मा या कंपनीत विलीन झाली. म्हणजे पत्र जायला हवं टेलर अँड फ्रान्सिसच्या परवानगी विभागाकडे, पुस्तकाची ओळख मात्र 1936 च्या नावानिशी.

वर्ष न छापलेली प्रत हाती आली तर दोन खुणा उपयोगी पडतात. पहिली पत्ता: कार्टर लेन म्हणजे जुनी, 11 न्यू फेटर लेन म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीनंतरची, मिल्टन पार्क, अबिंग्डन म्हणजे अलीकडची. दुसरी क्रमांकाची. ब्रिटनमध्ये 1967 पासून पुस्तकाचा नऊ आकडी ओळख-क्रमांक, एसबीएन, आला, त्यापुढे शून्य लावलं की दहा आकडी आयएसबीएन होतो. चूक पकडण्यासाठीचा शेवटचा तपास-अंक बदलत नाही. तो काढताना प्रत्येक आकडा ठरावीक संख्येनं गुणून बेरीज करतात, आणि पुढे लावलेल्या शून्याला दहानं गुणलं तरी बेरजेत भर पडत नाही. क्रमांकाची सुरुवात 0-7100 असेल तर राउटलेज अँड केगन पॉल, 0-422 टॅव्हिस्टॉक, 0-416 मेथ्युएन, 0-415 नंतरची राउटलेज. पण हा क्रमांक प्रथम कोणी दिला एवढंच तो सांगतो. आजचा मालक त्यावरून ठरवू नये.

आपल्याकडे नुसत्या पुनर्मुद्रणालाही सर्रास ‘दुसरी आवृत्ती’ म्हणतात, आणि त्या सवयीनं इंग्रजी पुस्तकातलं इम्प्रिंटचं, म्हणजे प्रकाशक-वर्ष-आवृत्तीच्या नोंदींचं, पान वाचलं की घोळ होतो. तिथे ‘रीप्रिंटेड’ म्हणजे तोच मजकूर, ‘न्यू एडिशन’ म्हणजे काहीतरी बदललेलं. 1991 च्या प्रतीत ब्रायन टर्नर यांची नवी प्रस्तावना आहे. तिचा हक्क वेगळा, म्हणून ती मराठीत घ्यायची नाही असं संहितेच्या समासात लिहिलं.

दुपारी खरी अडचण समोर आली. मानहाइम 1947 मध्ये वारला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरची 60 वर्षं मोजली, तर 2007 अखेर त्याचा कॉपीराइट संपला. मग परवानगी कशाला, असा प्रश्न संपादकीय बैठकीत आलाच. पण आपली संहिता इंग्रजीवरून केलेली आहे, आणि इंग्रजी अनुवाद लुई वर्थ व एडवर्ड शिल्स या दोघांचा. संयुक्त कृतीत शेवटी वारलेल्या लेखकापासून वर्षं मोजतात. वर्थ 1952 मध्ये गेला, शिल्स 1995 मध्ये. म्हणजे भारतात हा अनुवाद 2055 अखेरपर्यंत संरक्षित आहे, आणि 70 वर्षांच्या हिशेबानं ब्रिटनमध्ये 2065 अखेरपर्यंत.

1929 च्या जर्मन पुस्तकावरून अनुवाद केला असता तर ही अट नव्हती. पण इंग्रजी पुस्तक म्हणजे जर्मन पुस्तकाचं जसंच्या तसं रूप नव्हे. पहिला भाग मानहाइमनं इंग्रजी आवृत्तीसाठी मुद्दाम लिहिला, आणि पाचवा भाग 1931 च्या एका जर्मन कोशातल्या लेखाचा अनुवाद आहे. जर्मन पुस्तकातले म्हणून दुसरा, तिसरा, चौथा एवढेच भाग राहतात. मराठी वाचकाला पाचही भाग एकत्र मिळावेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून परवानगीचा रस्ता धरला.

पत्रात पुस्तकाचं नाव, दोन्ही अनुवादकांची नावं, 1936 चा प्रकाशक, आधार घेतलेल्या प्रतीचा आयएसबीएन, भाषा, प्रदेश, छापील व ई-बुक असे दोन्ही प्रकार, प्रतींची संख्या, अंदाजे किंमत आणि हक्काची मुदत इतकं घातलं. शिवाय एक स्पष्ट प्रश्न: अनुवादाचे हक्क आज कंपनीकडे आहेत की शिल्सच्या वारसांकडे? जुन्या करारांत पुस्तक छापणं बंद झालं तर हक्क परत जाण्याचं कलम असू शकतं, त्यामुळे कंपनीची साखळी जुळली तरी हक्क तिच्याकडेच आहेत असं धरून चालत नाही.

मराठी पुस्तकाच्या इम्प्रिंटच्या पानावर ‘मूळ इंग्रजी प्रकाशक: केगन पॉल, ट्रेंच, ट्रुब्नर, लंडन, 1936’ ही ओळ जुळवून घेतली. तिच्याखालची परवानगीची ओळ उत्तर येईपर्यंत कोरी ठेवली आहे.