गुडघ्याच्या ओएचा कोड नोंदीवरच ठरतो

'ओए नी. पेनकिलर. महिन्याने दाखवणे.' ओए म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, सांध्याची झीज. एवढ्याच नोंदीवर कोडरच्या, म्हणजे नोंद वाचून आजाराचा कोड लावणाऱ्याच्या, हाती एम१७.९ येतो, म्हणजे प्रकार माहीत नाही आणि बाजूही माहीत नाही. एक्स-रे समोर असला तरी त्यावरून कोडरने स्वतः निदान करायचं नसतं.

अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोडयादीत ओएसाठी खुब्याला एम१६, गुडघ्याला एम१७, हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याला एम१८ आणि बाकीच्या सांध्यांना एम१९ आहे. मणक्याची झीज एम४७ मध्ये जाते. एम१५ अनेक ठिकाणच्या ओएसाठी असल्यामुळे दोन्ही गुडघे दुखत असले की तो लावला जातो. ते चूक आहे. दोन्ही बाजूंचा एकच सांधा असेल तर त्या सांध्याचाच कोड, इथे एम१७.०.

झिजेचं कारण लिहायला सगळ्यात जास्त विसरतात. प्रायमरी (दुसऱ्या कशामुळे न झालेला), उजवा: एम१७.११. प्रायमरी, डावा: एम१७.१२. तोच उजवा गुडघा जुन्या फ्रॅक्चरमुळे झिजला असेल तर एम१७.३१. पण हिस्टरीत कुठेतरी 'फ्रॅक्चर, २०१२' असणं पुरत नाही. दोन्हींचा संबंध डॉक्टरांनीच लिहायला हवा. उदाहरणार्थ: 'जुन्या टिबियल प्लॅटू फ्रॅक्चरमुळे उजव्या गुडघ्याचा पोस्ट-ट्रॉमॅटिक ओए; एक्स-रेत जॉइंट स्पेस कमी, ऑस्टिओफाइट्स, केएल ग्रेड ३.' (टिबियल प्लॅटू म्हणजे नडगीच्या हाडाचा गुडघ्यातला वरचा भाग, पोस्ट-ट्रॉमॅटिक म्हणजे दुखापतीनंतरचा, ऑस्टिओफाइट्स म्हणजे हाडाची वाढलेली टोकं.) केएल ग्रेडला, म्हणजे एक्स-रेवरून ठरणाऱ्या झिजेच्या पायरीला, वेगळा कोड नाही, तरी तो जरूर लिहावा. उद्या सांधा बदलायची वेळ आली तर आजार किती वाढलाय, हे त्यावरून कळतं.

ओपीडीत 'ओए असावा' लिहिलं असेल तर ओए कोड करता येत नाही. उजव्या गुडघ्याच्या दुखण्याचा एम२५.५६१ लावायचा. निदान पक्कं झालं की दुखणं त्यातच आलं, वेगळा कोड नको. नोंदीत एकीकडे उजवा आणि दुसरीकडे डावा असेल तर अंदाज बांधू नये, डॉक्टरांना लेखी क्वेरी पाठवावी.

दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं वेगवेगळ्या वेळी होणार असतील तर पहिल्या वेळी एम१७.० बरोबर आहे, कारण तेव्हा आजार दोन्हीकडे असतो. उजवा बदलून झाल्यावर डाव्यासाठी एम१७.१२ आणि उजव्या कृत्रिम सांध्यासाठी झेड९६.६५१. प्रॉब्लेम लिस्टमधला (रुग्णाच्या चालू आजारांच्या यादीतला) जुना एम१७.० त्याच वेळी बदलायला हवा, कारण पुढच्या प्रत्येक भेटीत तो तसाच कॉपी होत जातो.