लाल विंचू, प्रॅझोसिन आणि पबमेड: पेपर शोधण्याचा माझा अनुभव

एम.डी.च्या थीसिससाठी मला विषय मिळाला तो लाल विंचवाच्या दंशाचा. लहान मुलांना त्यावरचं प्रॅझोसिन हे औषध किती लवकर मिळालं तर काय फरक पडतो, हे पाहायचं होतं. या विषयावर जगभर वाचलं गेलेलं काम आपल्या महाडमध्ये झालंय, याचा मला पहिल्यापासून अभिमान आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लाल विंचूदंशातल्या हृदयाच्या लक्षणांवर लिहिलं आणि १९८६ साली तिथेच प्रॅझोसिनवर. २०११ मध्ये त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा ७० रुग्णांवरचा अभ्यास 'बीएमजे' या नियतकालिकात आला. त्यात नुसतं प्रॅझोसिन आणि प्रॅझोसिनसोबत प्रतिविष अशी तुलना होती. हे तीन पेपर मला माहीत होते. बाकीचे शोधायचे होते.

पबमेड आम्ही सगळेच वापरतो. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९९६ मध्ये सुरू केलेला वैद्यकीय पेपरांच्या नोंदींचा हा डेटाबेस फुकट आहे आणि त्यात आज साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. नुसतं 'स्कॉर्पियन' टाकलं की हजारो नोंदी येतात आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या कामाच्या नसतात. 'स्कॉर्पियन' नावाचे प्रोब पीसीआरमध्ये वापरतात, त्यामुळे कॅन्सरच्या जनुकीय तपासण्यांचे पेपर येतात. त्याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे आयबेरिओटॉक्सिन. आपल्याकडच्या याच लाल विंचवाच्या विषातून वेगळं काढलेलं हे द्रव्य पेशींमधले एका प्रकारचे पोटॅशियम चॅनेल बंद करतं. म्हणून रक्तवाहिन्यांवर आणि मेंदूच्या पेशींवर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. त्या पेपरांत विंचू आहे, विष आहे, पण चावलेला माणूस कुठेच नाही.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडमनी मला सांगितलं, 'तुझ्या प्रश्नातले शब्द आधी बाजूला ठेव. तुझ्याकडचा चांगला पेपर उघड आणि त्याच्या नोंदीत खाली काय लिहिलंय ते वाच.' खाली 'मेश'ची शीर्षकं असतात. मेश ही त्या लायब्ररीची १९६० पासून चालत आलेली ठरावीक शब्दसूची. लेखक प्रतिविषाला अँटिव्हेनम म्हणो, अँटिव्हेनिन म्हणो की अँटिसीरम, सूचीत शीर्षक एकच: 'अँटिव्हेनिन्स'. तसंच 'स्कॉर्पियन स्टिंग्ज'. जुन्या पेपरांसाठी तर मेशशिवाय गत्यंतर नाही, कारण बऱ्याच जुन्या नोंदींना गोषवारा नसतो. शोधयंत्राच्या हाती फक्त शीर्षकाची एक ओळ असते.

पण नुसत्या मेशवरही भागत नाही. अगदी ताज्या नोंदींना ही शीर्षकं लागलेली नसू शकतात आणि काही नोंदींना ती कधीच लागत नाहीत. म्हणून प्रत्येक कल्पनेसाठी मी मेशचं शीर्षक आणि त्याच्या जोडीला लेखकांचे स्वतःचे शब्द, असं दोन्ही 'ऑर'ने बांधलं. शब्दांना शीर्षक-गोषवाऱ्याचा टॅग लावला, म्हणजे ते शीर्षकात आणि गोषवाऱ्यात शोधले जातात.

सगळ्यात जास्त वेळ विंचवाच्या शास्त्रीय नावावर गेला आणि तो सत्कारणी लागला. जुन्या पेपरांत हा विंचू 'ब्यूथस टॅम्युलस' आहे. पुढे तो 'मेसोब्यूथस टॅम्युलस' झाला, २०११ च्या बीएमजेच्या शीर्षकात हेच नाव आहे. आता तो 'हॉटेन्टोटा टॅम्युलस'. मॅडमची युक्ती अशी की पहिला शब्द बदलत राहिला तरी दुसरा तोच आहे, म्हणून फक्त 'टॅम्युलस' शोधायचा. त्यामागे 'ऑर' लावून 'रेड स्कॉर्पियन' घेतलं, कारण सगळेच डॉक्टर शास्त्रीय नाव लिहीत नाहीत.

कंसांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं. 'स्कॉर्पियन अँड प्रॅझोसिन ऑर अँटिव्हेनम' असं सरळ लिहिलं तर विंचू आणि प्रॅझोसिन एकत्र असलेले पेपर येतात आणि त्यांच्यावर जगातलं सगळं प्रतिविष येऊन पडतं, म्हणजे मुख्यतः सापाचं. 'प्रॅझोसिन ऑर अँटिव्हेनम' एका कंसात घातलं की यादी ताळ्यावर येते. अँड, ऑर, नॉट कॅपिटलमध्ये लिहायचे. अ‍ॅडव्हान्स्ड पानावर हिस्टरीतल्या प्रत्येक ओळीसमोर 'डिटेल्स' असतं; पबमेडने आपल्या शब्दांचा काय अर्थ घेतला ते तिथे पूर्ण लिहिलेलं दिसतं. ते मी दर वेळी उघडते.

शब्दाच्या शेवटी स्टार (*) लावला की त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द शोधले जातात; त्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. 'स्कॉर्पियन'ला स्टार लावला की दक्षिण अमेरिकेतल्या लेखकांचा आवडता 'स्कॉर्पियनिझम' (विंचूदंशाची विषबाधा) हा शब्द सापडतो, हा मोठाच फायदा. पण 'स्कॉर्पियनफिश' हा काटेरी मासाही त्याच जाळ्यात येतो. शिवाय स्टार लावला की पबमेड त्या शब्दासाठी मेशचं शीर्षक आपोआप शोधायचं थांबतं, ते आपण वेगळं लिहावं लागतं. मासा 'नॉट'ने काढून टाकावा असं कोणालाही वाटेल. मी काढला नाही. विषारी प्राण्यांवरच्या एखाद्या आढाव्यात विंचू आणि मासा दोन्ही असतील तर तो आढावाच जातो. माशाचे पेपर वाचून बाजूला ठेवायला फार वेळ लागत नाही.

'नॉट'चा खरा धोका दुसरीकडे आहे. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरचे पेपर टाळण्यासाठी 'नॉट अ‍ॅनिमल्स' लावा, असं सर्रास सांगितलं जातं. विंचू स्वतःच प्राणी. माणसाला विंचू चावल्याच्या पेपराला 'ह्यूमन्स' आणि 'अ‍ॅनिमल्स' ही दोन्ही शीर्षकं लागलेली असू शकतात. म्हणजे या एका शब्दाने नेमके रुग्णांवरचे पेपर गळतात. ज्यांना 'अ‍ॅनिमल्स' आहे पण 'ह्यूमन्स' नाही, तेवढेच वगळायचे असतील तर आतला दुसरा 'नॉट' कंसात घालावा लागतो.

हे सगळं बरोबर जमलंय का, हे ठरवायला ते तीन पेपर उपयोगी पडले. पूर्ण शोधवाक्य कंसात घालायचं, पुढे 'अँड' लिहून त्या तिघांचे पीएमआयडी (पबमेडमधल्या नोंदीचे) नंबर 'ऑर'ने द्यायचे. तिन्ही आले तर ठीक. एक जरी गळला तर कोणत्या कंसाने तो अडवला, हे एकेक भाग काढून बघायचं. मुलांसंबंधीचे शब्द मी शोधवाक्यातून काढले ते या परीक्षेमुळेच. १९८६ च्या शीर्षकात मुलांचा उल्लेख नाही, आणि मोठी माणसं आणि मुलं एकत्र असलेल्या कितीतरी मालिकांच्या शीर्षकांत तो नसतो. वय पेपर वाचून ठरवायचं, असं मी गाईड मॅडमना सांगितलं आणि त्यांना ते पटलं. 'ओडीमा'ची (सूज, पाणी साचणं) ब्रिटिश आणि अमेरिकन अशी दोन्ही स्पेलिंग घालणं हेही याच टप्प्यावर झालं.

आपल्याकडची काही नियतकालिकं पबमेडमध्ये नाहीत. त्यांचे अंक ग्रंथालयात बसून चाळले, आणि हाती आलेल्या पेपरांच्या संदर्भसूच्या तपासल्या.

शोधवाक्य शेवटच्या कंसापर्यंत जसंच्या तसं, शोधाच्या तारखेसह थीसिसच्या परिशिष्टात छापलंय. तेच वाक्य पबमेडच्या खात्यात सेव्ह करून आठवड्याला एक ईमेल यावा असं लावून ठेवलंय. नवा पेपर आला की मी तो आमच्या कॅज्युअल्टीच्या ग्रुपवर टाकते.