मनगटावरची गँगलियनची गाठ आणि वेट ट्रेनिंग – माझा अनुभव

मनगटाच्या वरच्या बाजूला, हात मागं वाकवला की जिथं सुरकुत्या पडतात बरोबर तिथं हरभऱ्याएवढी टणक गाठ (गँगलियन, म्हणजे सांध्यापासून निघालेली पाणीदार जेलीची पिशवी) आली की माणूस पहिल्यांदा घाबरतंच, मी पण घाबरले. आणि जिमला जाणारं माणूस असेल तर दुसरा प्रश्न लगेच, आता वेट उचलायचं बंद का? मला तेव्हा हेच कुणीतरी आपल्या भाषेत नीट सांगायला हवं होतं म्हणून सगळं लिहून ठेवतेय. जरा लांबलं तरी वाचा.

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका जिममध्ये गेली काही वर्षं स्ट्रेंथ ट्रेनिंग करते. बेंच प्रेस (आडवं पडून बार छातीवरून वर ढकलायचा), स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठक), डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलायचा), ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलायचा) हे मुख्य आणि घरी सकाळी जोर. जोर आमच्या घरातूनच आलेत, माझे थोरले काका तरुणपणी गंगावेस तालमीत होते, खासबागेत कुस्त्या केलेल्या, त्यामुळं आमच्याकडं पोरगी वजन उचलते म्हणून कधी कुणी नाक मुरडलं नाही. उलट दूध कमी पितेस म्हणून बोलणी बसतात.

गाठ दिसायच्या आधी बरेच दिवस नुसतं दुखायचं. जोर मारताना तळवा जमिनीवर सपाट आणि अंग पुढं गेलं की मनगटाच्या मधोमध काहीतरी चिमटल्यासारखं व्हायचं. बेंचला दुखायचं नाही, डेडलिफ्टला तर अजिबात नाही, पण फ्रंट स्क्वॉटला बार खांद्यावर घेऊन कोपरं वर केली की जीव जायचा. मग एक दिवस आंघोळीनंतर हात पुसताना गाठ हाताला लागली. आई म्हणाली आवाळू आहे, नाणं ठेवून फडक्यानं घट्ट बांध, जिरतं. काकांचं म्हणणं, "पोरी, तालमीत असल्या गाठी लय बघितल्यात, तेल लावून चोळून बसवूया." शेजारच्या एक मावशी म्हणाल्या, जाड पुस्तक घेऊन एक ठोका मारायचा, फुटून जातं. सगळ्यांची माया खरी आहे, त्यात वाद नाही, पण गाठीवर ठोका मारायचा नाही हे मी अगदी कळकळीनं सांगते. मनगटात आठ छोटी हाडं असतात, त्यांना धरून ठेवणारे लिगामेंट असतात, ठोक्यानं त्यातलं काहीतरी दुखावायचं आणि गाठ फुटली तरी तिचं मूळ आत तसंच राहत असल्यामुळं ती परत भरते. नाणं बांधून तर नुसता वळ उठतो.

शाहूपुरीत एका ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधी हात सगळ्या बाजूंनी वळवून बघितला, बोटांत मुंग्या येतात का, पकड कमी झालीय का हे विचारलं, मग ट्यूबलाईट बंद केली आणि एका छोट्या टॉर्चचा उजेड गाठीच्या बाजूला टेकवला. गाठ आतून लालसर उजळली. म्हणाले, बघा, उजेड आरपार जातोय म्हणजे आत घट्ट मांस नाही, पाणीदार जेली आहे. मला ते बघूनच निम्मं बरं वाटलं. तरी खात्रीसाठी सोनोग्राफी केली, त्यात गाठ आणि तिचा बारीक देठ सांध्याकडं गेलेला स्पष्ट दिसला.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. सांध्यात वंगणासारखं पाणी असतं. मनगटाच्या वरच्या बाजूला स्कॅफॉइड आणि ल्युनेट नावाची दोन छोटी हाडं आहेत, त्यांना बांधणाऱ्या लिगामेंटपासून ही पिशवी बहुतेक वेळा निघते. पाणी देठातून पिशवीत जातं पण परत सहजासहजी येत नाही, आत घट्ट होत जातं. म्हणूनच ती कधी मोठी, कधी लहान दिसते, काम जास्त झालं की फुगते, विश्रांती दिली की बसते. हाताला येणाऱ्या गाठींत ही सगळ्यात जास्त आढळणारी, साधारण 20 ते 40 वयात आणि बायकांच्यात पुरुषांपेक्षा जास्त. कॅन्सरमध्ये बदलत नाही. आणि अजून एक, गाठीचा आकार आणि दुखणं यांचा मेळ असतोच असं नाही, बाहेरून न दिसणारी बारीक गाठ पण जाम दुखवू शकते. माझं गाठ दिसायच्या आधीपासून का दुखत होतं ते तेव्हा कळलं.

पर्याय तीन. एक, काही करायचं नाही, वाट बघायची, कारण निम्म्याच्या आसपास गाठी काही वर्षांत आपोआप जातात. दोन, सुईनं आतली जेली काढायची, पण देठ आत राहतो म्हणून निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांत ती परत येते. तीन, ऑपरेशन करून देठासकट काढायची, त्यात परत यायची शक्यता बरीच कमी होते पण शून्य होत नाही, वर टाक्यांचा व्रण आणि काही आठवडे मनगट आखडलेलं. मी विचारलं व्यायामाचं काय, तर डॉक्टर म्हणाले, व्यायाम बंद करू नका, दुखणारा कोन बंद करा.

हे एक वाक्य माझ्या सगळ्या उपचाराचा गाभा झालं. वजन कमी-जास्त करणं दुय्यम, मनगट मागं वाकलेलं असताना त्यावर भार येतो का हे बघायचं. त्या कोनात गाठ हाडांच्या मध्ये चिमटली जाते. मनगट सरळ असलं की तोच भार सरळ खालच्या हाडांवर जातो आणि काही होत नाही. मग मी वही घेतली आणि एकेक व्यायाम तपासत गेले.

बेंच प्रेस राहिला, पण बार धरायची पद्धत बदलली. बार बोटांच्या मुळाशी घेतला की मनगट आपोआप मागं कलंडतं, तोच तळव्याच्या खालच्या मांसल भागावर, हाताच्या हाडांच्या बरोबर वर घेतला की मनगट उभं राहतं. जिममधल्या ट्रेनरदादांनी बाजूनं व्हिडिओ काढून दाखवला तेव्हा फरक डोळ्याला दिसला. वर रिस्ट रॅप, म्हणजे मनगटाला गुंडाळायचा पट्टा. रॅप बांधताना बरेचजण मनगटाच्या खाली बांगडीसारखा गुंडाळतात, त्याचा काही उपयोग नाही, तो सांध्याच्या दोन्ही बाजू झाकेल असा बांधायचा. फक्त गाठीवर फार आवळायचा नाही आणि सेट झाला की सोडायचा.

ओव्हरहेड प्रेस बारऐवजी डंबेलनं, तळवे समोरासमोर ठेवून. फ्रंट स्क्वॉटला हात क्रॉस करून बार खांद्यावर. बॅक स्क्वॉटला पकड जरा रुंद केली आणि अंगठा बाकीच्या बोटांबरोबर बारच्या वरून ठेवला, मग मनगट वाकत नाही. डेडलिफ्ट, रोइंग, पुल-अप, फार्मर्स वॉक जसेच्या तसे, उलट डेडलिफ्ट त्या काळात वाढलाच कारण सगळा जोर तिकडंच गेला. जड सेटला कधी पकड दुखली तर स्ट्रॅप, म्हणजे मनगटात अडकवून बारला गुंडाळायचे पट्टे वापरले. क्लीन, म्हणजे बार खालून एका झटक्यात खांद्यावर घ्यायचा व्यायाम, पूर्ण बंद केला, त्यात मनगट झटक्यात मागं जातं. आणि केटलबेल (वर कडी असलेला वजनाचा गोळा) हा विषय कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगते, केटलबेल खांद्याशी किंवा डोक्यावर धरली की तिचा गोळा हाताच्या मागच्या बाजूला टेकतो, गाठ असलेल्या माणसाला ते नकोच.

राहिले जोर. जोर सोडायचे म्हटल्यावर मला खरंच वाईट वाटलं. तेव्हा काकांनी माळ्यावरून लाकडाचे दोन ठोकळे काढून दिले, मूठ बसेल असे घासून गुळगुळीत केलेले, त्यांचे जुने. जमिनीवर ठोकळे ठेवायचे, मुठीत धरायचे आणि जोर मारायचे, मनगट सरळ राहतं. म्हणाले, "हात मोडून घिऊन कुणी पैलवान झालंय व्हय? ठोकळ्यावर मार की." चोळून बसवूया म्हणणारे काका तेच, पण हे मात्र अगदी बिनचूक. बाजारात पुश-अप बार मिळतात त्यांचंही काम हेच, सहा कोनी डंबेल असतील तर तेही चालतात. प्लँक कोपरांवर.

आता खरी गोष्ट. जिममध्ये एवढं सगळं बदलून पण दुखणं पाहिजे तेवढं कमी होईना. मग लक्षात आलं की माझं मनगट दिवसभर कुठं वाकतंय ते बघायला पाहिजे. ज्वारीची भाकरी! पीठ मळताना तळव्याचा खालचा भाग रेटायचा, मनगट पूर्ण मागं, सगळं अंग त्यावर. मग थापताना तेच. रोजच्या भाकऱ्या म्हणजे रोज तेवढे सेट, आणि तेही गाठीच्या बरोबर वाईट कोनात. मी मुठीनं मळायला लागले आणि थापायचं काम काही महिने आईनं घेतलं, नंतर माझ्या नवऱ्यानं शिकून घेतलं, त्याच्या भाकऱ्या अजून जाड होतात पण पांढऱ्या रश्श्याबरोबर कुणाला कळत पण नाही. दुसरं, खुर्चीतनं उठताना हातावर रेटा देऊन उठायची सवय. तिसरं, गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर, हात खाली दाबून पिळला की मनगट मागं जातं, सीटवर जरा पुढं सरकून बसले तर सरळ राहतं. ऑफिसात माऊसच्या मागं टॉवेलची घडी. एवढं केल्यावर दोन-तीन आठवड्यांत चिमटा बराच गेला. बायकांना हे डॉक्टर विचारत नाहीत, ट्रेनर तर नाहीच नाही, म्हणून माझ्या मैत्रिणींनो जिमच्या आधी स्वयंपाकघर तपासा.

मधे एकदा गाठ जास्तच फुगली, टाईट झाली, तेव्हा सुईनं काढून घेतली. भीती वाटत असेल त्यांच्यासाठी सांगते, आधी बारीक सुईनं जागा बधिर करतात, ते टोचतं तेवढंच, मग जाड सुई, कारण आतलं इतकं चिकट असतं की बारीक सुईतनं येतच नाही. सिरिंजमध्ये पारदर्शक घट्ट जेली आली, थोडीशीच, एवढ्याशानं एवढा त्रास याचं नवल वाटलं. पट्टी बांधून घरी. काही दिवस त्या हातानं वजन नाही, तेवढ्यात पायाचे व्यायाम आणि रंकाळ्याला फेऱ्या. मनगट सपाट झालं होतं, फार आनंद झाला होता. पावसाळा संपता संपता गाठ परत आली, पहिल्यापेक्षा लहान. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं असल्यामुळं धक्का बसला नाही, पण वाईट वाटलं हे खरं.

मग फिजिओथेरपिस्टकडं गेले आणि हा खर्च वसूल झाला. मनगट सरळ ठेवून दुसऱ्या हातानं चारी बाजूंनी दाब द्यायचा आणि न हलता अडवून धरायचं, असं रोज थोडं. बादलीभर तांदळात हात घालून मुठी उघडायच्या-मिटायच्या. आणि मागं वाकवून भार घ्यायची सवय परत लावायची ती अगदी पायरी पायरीनं, आधी भिंतीवर तळवे टेकून पुश-अप, मग ओट्याच्या कडेवर, मग बाकड्यावर, दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं की एक पायरी खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट आदल्या दिवसापेक्षा आखडलेलं असेल तर तो भार जास्त झाला समजायचं, हा निकष मला सगळ्यात उपयोगी पडला.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही, सरळ डॉक्टर. बोटात मुंग्या किंवा बधिरपणा, पकड सुटायला लागली, गाठ भराभर वाढतेय, लाल-गरम झालीय, किंवा उजेड आरपार जात नाही. आणि गाठ तळहाताच्या बाजूला, अंगठ्याच्या खाली नाडी बघतात तिथं असेल तर तिला चोळणं, दाबणं, कुणाकडून फोडून घेणं अजिबात नको, तिथं शेजारूनच रक्ताची मोठी धमनी जाते.

सध्या गाठ आहे, दाबून बघितलं तर लागते, नाहीतर दिसत पण नाही. बेंच जुन्या आकड्याला आलाय, ओव्हरहेड प्रेस डंबेलवरच आहे आणि मला आता तोच जास्त आवडतो, जोर ठोकळ्यांवर. ऑपरेशनचा विचार पूर्ण सोडलेला नाही, दिवाळीनंतर परत सोनोग्राफी करायचीय, देठ वाढला असेल आणि दुखणं परत आलं तर करून टाकणार, आणि तसं झालं तर हात बंद असतानाच्या आठवड्यांसाठी लेग प्रेस आणि एका हाताचा प्रोग्रॅम ट्रेनरदादांकडून आत्ताच लिहून घेतलाय. कुणाला तो हवा असेल किंवा कुणी ऑपरेशननंतर बारवर परत आलेलं असेल तर जरूर सांगा, विशेषतः मनगट पूर्ण मागं वाकायला किती वेळ लागला ते.