तिसरे कडे

काचतंतू गुंडाळून पाइप बनवणाऱ्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचे काम करते. एका जानेवारीत रात्रपाळीत तयार झालेल्या तीन पाइपांच्या टोकांतून मी एकेक कडे कापून घेतले आणि दोन अर्धचकत्यांवर चढवून तुटेपर्यंत ओढले. पहिले कडे अपेक्षेप्रमाणे तुटले, दुसऱ्याची ताणशक्ती कमी आली आणि तिसऱ्याची त्याहून कमी. काच, तंतूंना चिकटवून धरणारे रेझिन आणि सुमारे 55 अंशांचा गुंडाळणीचा कोन तिन्ही पाइपांना एकच होता, म्हणून ही तफावत मला स्वस्थ बसू देईना.

दुसऱ्या कड्याचे कारण लवकर सापडले. पहाटेच्या गारठ्यात बाथमधले, म्हणजे तंतू बुडवून नेण्याच्या कुंडातले, रेझिन दाट झाले होते आणि तंतूंवरून ते पुरेसे निपटले गेले नव्हते, त्यामुळे भिंत जाड झाली होती. काच मात्र तेवढीच होती. भार जाडीने भागला की ताणशक्ती घटलेली दिसते. तोच भार केवळ कड्याच्या रुंदीने भागला, तेव्हा पहिले आणि दुसरे कडे जवळपास सारखे निघाले. उलट कडकपणाच्या, म्हणजे दाबल्यावर पाइप किती कमी चपटतो याच्या, चाचणीत दुसरा पाइप सरस ठरला, कारण कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो आणि जाडी दहा टक्के वाढली तर केवळ त्यामुळेच तो सुमारे 33 टक्के वाढतो. एकाच आकड्यावर पाइप पास किंवा नापास करणे मला तेव्हापासून धोक्याचे वाटते.

तिसरे कडे मात्र रुंदीच्या हिशेबातही कमी पडत होते. तुटलेल्या जागेशेजारचा तुकडा मी मफल फर्नेस या बंद विद्युत भट्टीमध्ये 565 अंश सेल्सिअसला ठेवला. रेझिन जळून गेल्यावर मागे पांढरी, ठिसूळ काच उरते आणि चिमट्याने तिचे थर एकेक करून सोडवता येतात. बाहेरून दुसऱ्या थरात तंतूंचा पट्टा दात पडलेल्या फणीसारखा दिसला. मधली रोव्हिंग, म्हणजे तंतूंची जुडी, नव्हतीच आणि ती जागा निव्वळ रेझिनने भरलेली होती.

रोव्हिंगची रिळे, म्हणजे बॉबिन, क्रील नावाच्या मांडणीवर असतात आणि कॅरेज हा मशीनचा सरकता भाग तंतू पाइपच्या लांबीभर पसरवत नेतो. मी तो थर कागदावर ठेवून मशीनवरच्या जुन्या ऑपरेटरना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ निरखला. "मॅडम, क्रीलवरच्या सगळ्या बॉबिन एकाच दिवशी चढवल्या होत्या, त्यामुळे शेवटच्या फेरीत सात-आठ एकदमच संपल्या. गाठी मारेपर्यंत कॅरेज टोकाला पोहोचलं होतं. मशीन थांबवलं असतं तर रेझिन जमून गेलं असतं," ते म्हणाले. त्यांनी काहीही लपवले नाही, याचे मला फार मोल वाटले.

हा पाइप कारखान्यातल्या जलदाब चाचणीत बहुधा पास झाला असता, कारण ती चाचणी काही मिनिटांची असते. जमिनीखाली मात्र त्याला वर्षानुवर्षे सतत दाब सोसायचा होता, आणि अशा दाबाखाली काचतंतूंच्या पाइपची ताकद हळूहळू उतरत जाते. मी तो बाद केला.

आता बॉबिन वेगवेगळ्या दिवशी चढवल्या जातात आणि प्रत्येक पाळीत रेझिनचे तापमान नोंदवले जाते. आमच्या तपासणी अहवालात ताणशक्तीच्या शेजारी रुंदीमागचा भार लिहायला एक नवा रकाना आहे.